सात उघड्या, सात झाकलेल्या

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात अल्माटीकडच्या आमच्या तेरेकसाय गावात कुणाच्याही दारात गेलात तरी घरात माणूस सापडायचा नाही. सगळे परसात, कमरेत वाकून द्राक्षाच्या वेली पुरत असतात. वेल छाटायची, तारेवरून सोडवायची, जमिनीवर निजवायची, लोखंडी आकड्यांनी दाबून धरायची आणि वर हातभर माती ओढायची. एप्रिलमध्ये तीच माती पुन्हा उपसायची. पुरली नाही तर वेल थंडीने मरते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. महिनाभर गाव फावड्यावर असतं आणि उरलेला हिवाळा गरम मिठाच्या पुरचुंडीने कंबर शेकत काढतं.

माझ्या समोरच्या घरातल्या साउत आकाने असे पन्नास ऑक्टोबर काढले; वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे आका म्हणतात. त्याच्या चाळीस वेलींच्या बागेतली हुसैनी जातीची द्राक्षं चिलिकच्या बाजारात त्याच्या नावावर विकली जायची. एका वर्षी मात्र अर्धी बाग पुरून होतेय तोवर त्याच्या ओटीपोटात काहीतरी सटकलं. हर्नियाचं ऑपरेशन झालं. भरल्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं. उरलेल्या वेली त्याच्या सुनेने, तुर्सुनायने, एकटीने पुरल्या. नंतर दहा दिवस तिला सरळ उभं राहता येईना. लगमानच्या रश्शासाठी हाताने शेवया ओढायला ती भिंतीला पाठ टेकून उभी राहायची, आणि तरी तोंडातून हूं नाही की चूं नाही.

तिचा नवरा इलशात कॅस्पियनकडच्या तेलाच्या विहिरींवर कामाला. महिनाभर तिकडे, पंधरा दिवस इकडे. बायकोची ती कंबर त्याने पाहिली आणि पुढच्या ऑक्टोबरात घरी येताच ठरवूनच टाकलं: बाग काढायची, ट्रॅक्टर लावायचा, काकडीचं हरितगृह उभं करायचं. पोरगा वाईट नाही. बापाचं पोट फाडून झालंय, बायकोची पाठ मोडायला आलीय, मग द्राक्षं कुणासाठी, एवढंच त्याचं म्हणणं. त्या दिवशी आकाने चहाचा कप तीन वेळा उचलला आणि तीन वेळा तसाच खाली ठेवला.

बाग वाचवायची होती ती तुर्सुनायला. ती माझ्या बायकोला म्हणाली होती की बाग गेली तर दादा दुसरा हिवाळा बघणार नाहीत, सकाळी उठायला त्यांना कारणच उरणार नाही. सासऱ्याला ती दादा म्हणायची. आणि तिच्या हातात हुकमाचा एकच पत्ता होता: कुंपणाकडची चौदा वेलींची ओळ.

ती ओळ फेदोस्याची देणगी. फेदोस्या म्हणजे कुंपणापलीकडची रशियन म्हातारी. सगळी नोकरी फळांच्या रसाच्या कारखान्यात गेली, नवरा वारला, जीभ मात्र अजून सोळा वर्षांची. तीन वर्षांपूर्वी तिच्या सायबेरियातल्या बहिणीने ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पांढऱ्या द्राक्षाच्या काड्या पाठवल्या. ही जात पुरावी लागत नाही, बर्फात उभी राहते. फेदोस्याच्या परसात अक्रोडाची सावली, म्हणून तिने त्या आकाच्या जमिनीत लावायला दिल्या. अट एकच, अर्धी द्राक्षं तिला, वाइनसाठी. आका नमाजी माणूस. तो म्हणाला, रस कुंपणाच्या अलीकडे राहिला तर हलाल, पलीकडे गेला की तुझं पाप. फेदोस्या म्हणाली, पापाची बरणी माझ्या तळघरात आहे, तू काळजी करू नकोस.

पहिले दोन हिवाळे कोवळ्या वेली झाकल्या. या हिवाळ्यापासून उघड्या ठेवायच्या, असं फेदोस्याने आधीच सांगून ठेवलं होतं. तुर्सुनायने नवऱ्याशी सौदा केला. या वर्षी चाळीसच्या चाळीस वेली तू पूर, शेवटचं. चौदा उघड्या राहू देत. एप्रिलमध्ये त्या जगलेल्या दिसल्या तर दरवर्षी त्यांच्याच काड्या लावून जुनी बाग हळूहळू बदलू, पुरण्याचा प्रश्नच संपेल. मेल्या, तर ट्रॅक्टर आण, मी तोंड उघडणार नाही.

इलशातने चाळीस वेली पुरल्या. मीही दोन दिवस हात लावला. त्याच्या तळहाताला फोड आले तेव्हा तुर्सुनाय लोणी लावायला बसली. ती गालात हसत होती आणि तो दुसरीकडे बघत होता. मग तो कामावर निघून गेला.

आता सगळं गाव मातीचे ढिगारे घालून मोकळं झालं होतं आणि साउत आकाच्या परसात चौदा वेली तारेवर उघड्या उभ्या. येणारा जाणारा थांबून बघायचा. मीच त्यांना 'बेशरम' असं नाव ठेवलं आणि ते गावभर झालं. बेशरमांना अजून कपडे घातले नाहीत का, असं लोक आकाला मशिदीच्या दारात विचारायचे. आका हसायचा, पण घरी येऊन खिडकीत बसायचा आणि त्या ओळीकडे बघत राहायचा. पन्नास वर्षं ज्या हातांनी प्रत्येक वेल झाकली, त्या हातांना ते बघवत नव्हतं. पावसात लेकरू बाहेर राहिल्यावर बाईचा जीव जसा होतो, तसं त्याचं झालं होतं.

डिसेंबरात तुर्सुनाय दोन दिवसांसाठी अल्माटीला गेली. मुलगी मेहरिबानू तिथे नर्सिंग शिकते, तिला गरम कपडे आणि मुरंबा द्यायचा होता. त्याच सकाळी मी रेडिओवर ऐकलं की थंडी उणे एकोणतीसवर जाणार. बाजारात निघालो होतो, आका दारातच होता. मी त्याला ही बातमी दिली आणि वर हसत म्हणालो, "आका, तुमच्या बेशरमांना आज लाज वाटेल बघा." जीभ तेव्हाच चावायला हवी होती.

दुपारी परतलो तर फेदोस्या कुंपणावरून मला हाका मारत होती. "अब्लिमित, पळ. म्हातारा पडलाय."

आका वेलींच्या मधे बर्फात बसला होता. एक हात पोटावर, फावडं मांड्यांवर आडवं, टोपी कुठे पडली त्याचा पत्ता नाही. ओळीतल्या सात वेली त्याने तारेवरून सोडवून निजवल्या होत्या. माती दगडासारखी गोठलेली. पहारीने दोन-चार घाव घालून पाहिले असतील, मग ती सोडून गोठ्यामागच्या खताच्या ढिगातून भरभरून आणलं होतं. सातही ढिगाऱ्यांतून वाफ निघत होती. त्याच्या मिश्यांवर बर्फ जमला होता आणि चेहरा मात्र समाधानी.

"सात झाल्या," तो म्हणाला. "उरलेल्या तू टाक."

"त्या उरलेल्या सातांना हात लावलास तर याच फावड्याने तुझं डोकं फोडीन," फेदोस्या कुंपणावरून मला म्हणाली. मग आकाकडे वळली. "अरे म्हाताऱ्या, किती वेळा सांगितलं तुला. यांना थंडी नाही मारत, ऊब मारते."

आकाने तिच्याकडे पाहिलंही नाही. ऊब कुणाला मारते, असं त्याला वाटत असणार. मलाही तसंच वाटत होतं. तरी मी बाकीच्या सात झाकल्या नाहीत. त्यात माझं शहाणपण काही नव्हतं, थंडीत खत उपसायचा कंटाळा होता. मी त्याला पाठीवर घेऊन घरात नेलं, शेगडीजवळ निजवलं, पोटाचा पट्टा घट्ट बांधला. ऑपरेशनची जागा शाबूत होती, ही देवाची कृपा.

तुर्सुनाय दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बसने उतरली. पिशव्या हातातच घेऊन ती परसात गेली आणि सात ढिगाऱ्यांपुढे उभी राहिली. मी तिथेच होतो. ती माझ्याकडे अशी बघत गेली की मला माझ्या घरी जावंसं वाटलं, पण गेलो नाही, तिच्यामागे आत गेलो. आका शेगडीजवळ उशीला टेकून बसला होता.

"दादा, मला विचारायचं तरी."

"तू असतीस तर पुरू दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

"म्हणून विचारलं नाही." त्याने उशी सरळ केली. मग आका म्हणाला, "सात तुझ्या, सात माझ्या. एप्रिलात बघू."

तिने पिशवी खाली ठेवली आणि चुलीवर पाणी चढवलं. उकरून काढायचं तर एव्हाना खतही वरून गोठलं होतं, आणि पहार लागून वेल तुटायची भीती. ती मला फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा एवढंच म्हणाली की इलशातला अर्ध्या मेलेल्या दिसल्या तर तो उरलेल्या अर्ध्या मोजत बसणार नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते थंडीचं नव्हतं.

हिवाळा विचित्र गेला. जानेवारीत उणे एकोणतीस, दोनदा. फेब्रुवारीत अचानक छपरं गळायला लागली, परसात घोट्याएवढा चिखल, आठवड्याने पुन्हा कडाक्याची थंडी. आका रोज काठी टेकत त्या ओळीपाशी जायचा. उघड्या वेलींची साल काळी पडलेली, काड्या सुक्या काटक्यांसारख्या वाजायच्या. तो एखादी बोटाने हलवायचा आणि मान हलवायचा. एकदा मला म्हणाला, "अब्लिमित, पोरीचं वाईट झालं." पण आवाजात थोडा आनंद होता, आणि तो त्याचा त्यालाच कळला असावा, कारण त्याने लगेच विषय बदलला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात इलशात आला. आधी जुन्या चाळीस उघडल्या. त्या पन्नास वर्षं जशा निघायच्या तशाच निघाल्या. मग तो कुंपणाकडे वळला. आका खुर्ची घेऊन समोर बसला, तुर्सुनाय फावडं घेऊन उभी, फेदोस्या कुंपणावर कोपर टेकून.

पहिल्या ढिगाऱ्याचं खत बाजूला केलं तर खाली प्लास्टिकचा कागद निघाला. तो ओढला आणि आंबूस वास आला. कागदाखाली काहीतरी मऊ, काळं, जड होतं. इलशातने फावड्याने उचललं. त्याचा एक कोपरा उलगडला आणि आत लाल रेशमाचा तुकडा दिसला.

तुर्सुनायने फावडं टाकलं. ती गुडघ्यावर बसली आणि हाताने खत उपसू लागली. सात वेलींवर आडव्या पसरलेल्या चार रजया एकामागून एक निघाल्या. तिच्या सासूने, हुर्शिदाने, शेवटच्या आजारपणात बसून नातीच्या लग्नासाठी शिवलेल्या. पेटीत तळाशी होत्या, म्हणून हिवाळाभर कुणाला पत्ता लागला नाही. कापूस कुजून लगदा झाला होता.

"या आईंच्या आहेत," ती म्हणाली. "मेहरिबानूच्या."

आका खाली बघत होता. "घरात त्याहून ऊबदार काही नव्हतं," तो म्हणाला.

इलशातने वाकून एक काडी हातात घेतली आणि डोळ्यावर अंगठा फिरवला. आमच्याकडे वेलीच्या अंकुराला डोळा म्हणतात. डोळा उकळलेल्या चहाच्या पत्तीसारखा सालीवरून सरकून बोटाला चिकटला. दुसरा तसाच, तिसरा तसाच. सातही वेलींवर एक डोळा जागचा राहिला नव्हता. फेब्रुवारीच्या चिखलात, त्या ओल्या रजयांच्या उबेत, सगळे सडून गेले होते. पन्नास वर्षांत आकाच्या हाताखाली एक वेल मेली नव्हती. तो खुर्चीत इतका लहान दिसायला लागला की मी तोंड फिरवलं.

इलशातने उघड्या सातांकडे नजर टाकली. काळ्या, वाळक्या. त्याने हात झटकले, फोन काढला आणि ट्रॅक्टरवाल्याला लावायला फाटकाकडे निघाला. तुर्सुनाय रजया घडी घालत बसली होती. तोंड उघडणार नाही असं म्हणाली होती, आणि तिने उघडलं नाही.

तोंड उघडलं फेदोस्याने. तिने एप्रनच्या खिशातून चाकू काढला, कुंपणावरून हात लांबवून एका उघड्या वेलीचा डोळा मधोमध चिरला. "इकडे ये रे, तेलवाल्या. फोन मग कर."

इलशात नाइलाजाने आला. चिरलेल्या डोळ्याच्या आत मुगाच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका होता. तिने दुसऱ्या वेलीचा चिरला, तिथेही हिरवा. मग तिने चाकू त्याच्याच हातात दिला. त्याने उरलेल्या पाच वेली स्वतः तपासल्या, सावकाश, सालीला जास्त इजा होणार नाही असं बघत. शेवटी चाकू पुसून परत देताना तो म्हणाला, "सात तर सात." आणि फोन खिशात टाकला.

फुटवे यायला मे उजाडला. सातही उघड्या वेली पानांनी भरल्या, तेव्हा गावातली माणसं पुन्हा कुंपणाशी थांबू लागली, पण थट्टा करायला नाही. आकाने त्याच्या सात वेली कुणाला उपटू दिल्या नाहीत. लाकडी खोक्यावर बसून त्याने त्या स्वतः कात्रीने जमिनीलगत छाटल्या. काप स्वच्छ. महिन्याभराने खालून, मुळातून, नवे कोंब आले. तेव्हा त्याने तुर्सुनायला हाक मारली. ती पीठ भरल्या हातांनी बाहेर आली.

"पोरी, माझ्याही उठल्या," तो म्हणाला. "पण मी उठवल्या नाहीत."

"मुळं तुम्हीच लावली होती ना, दादा," ती म्हणाली आणि आत गेली. रजयांचा विषय दोघांनी पुन्हा काढला नव्हता. तो त्यांच्यात होता, दारातल्या दगडासारखा, येताजाता पायाला लागायचा.

सप्टेंबरात सात वेलींना घड लागले. हुसैनीपुढे मणी बारीक, पण कोवळ्या उन्हात पिवळट काचेसारखे दिसायचे आणि तोंडात टाकल्यावर मधासारखे गोड, मागून जीभ चिमटणारी आंबट चव. काढणी एका सकाळी झाली. फेदोस्या रस पिळायची स्वतःची प्रेस घेऊन आली, लाकडी पट्ट्यांची, वर फिरवायचा दांडा. कामाच्या बाबतीत ती कारखान्यातल्या मुकादमासारखी. सडका मणी दिसला की हातावर चापट. रसात साल राहू द्यायची नाही, लगेच गाळायचा, नाहीतर पांढऱ्या वाइनला तुरट चव येते. इलशात दांडा फिरवत होता, तुर्सुनाय पातेली बदलत होती, मी मणी खात होतो.

अर्धा रस तुर्सुनायने मंद आचेवर तापवला, वाफ यायला लागली की उतरवला, गरम बाटल्यांत भरून झाकणं बसवली आणि बाटल्या उलट्या करून जुन्या कोटाखाली निवायला ठेवल्या. तो कोट बघून आका म्हणाला, "हे झाकलेलं चालतं ना?" पाच महिन्यांनी त्या अंगणात पहिल्यांदा सगळे एकत्र हसले. तुर्सुनायही हसली, आणि मग तिने डोळे पुसले.

उरलेला अर्धा रस कुंपण ओलांडून गेला. फेदोस्याच्या तळघरात तीन मोठ्या काचेच्या बरण्या आणि प्रत्येकीच्या तोंडाला दवाखान्यातला रबरी हातमोजा. दोन दिवसांत रस आंबायला लागला आणि हातमोजे फुगून ताठ उभे राहिले. आकाला तिने कुंपणापाशी बोलावून सांगितलं की तीन जण तुला रोज सलाम करतात. आका म्हणाला, त्यांना सांग, मी बघितलं नाही. डिसेंबरात वाइन नितळली. मी चाखली. गवताच्या काडीसारखा तिचा रंग, आणि थंड घोट घशाखाली गेल्यावर त्या हिरव्या सफरचंदासारख्या आंबटपणाने डोळे आपोआप मिटायचे. गेल्या डिसेंबरात मी काय बोललो होतो ते आठवून मला माझी लाज वाटली, आणि मी दुसरा ग्लास मागितला.

त्याआधी ऑक्टोबर येऊन गेला होता. इलशातने हुसैनीच्या पंधरा वेली काढून त्या जागी नव्या काड्या लावायला खड्डे खणले, उरलेल्या पंचवीस पुरल्या. प्रश्न होता आकाच्या सातांचा. मुळं जुनी, पण वरचे कोंब पहिल्याच वर्षाचे. फेदोस्या म्हणाली, झाकल्या तरी चालतील, नाही झाकल्या तरी जगतील, मी पैज घेत नाही. तुर्सुनायने फावडं आणलं आणि आकापुढे भिंतीला टेकून ठेवलं. "दादा, या तुमच्या. तुम्ही सांगाल तसं." आका बराच वेळ फावड्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "आत नेऊन ठेव. ओलं होईल."

पहिला मोठा बर्फ डिसेंबरात पडला. सकाळी मी फाटक मोकळं करत होतो, तेव्हा आका काठी टेकत परसात निघालेला दिसला. फावडं टाकून मी धावलो. तोवर तुर्सुनायही दारात आली होती.

"पुरायचं नाही," आका आम्हा दोघांना म्हणाला. "खुर्ची आण. बसायचंय."

मी खुर्ची नेऊन ओळीसमोर मांडली. तो बसला. चौदा वेली तारेवर हात पसरून उभ्या होत्या, प्रत्येक काडीवर बोटभर बर्फ. कुंपणापलीकडे फेदोस्या आली आणि म्हणाली, "वेलींना नको, याच्या अंगावर काहीतरी घाल गं." तुर्सुनाय आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात एक रजई होती, अर्ध्या मापाची. चार रजयांतले जे लाल तुकडे धुऊन, उन्हात घालून वाचले होते, ते जोडून तिने नवा कापूस भरला होता. कधी शिवली ते कुणालाच माहीत नव्हतं. तिने ती आकाच्या गुडघ्यांवर घातली आणि कडा खाली खोचल्या.

आकाने दोन्ही हात रजईवर ठेवले. शिवणीवरून बोट फिरवलं. मग वेलींकडे बघत म्हणाला, "पन्नास वर्षं झाली, पोरी. हिवाळ्यात मी माझी वेल कधी बघितलीच नव्हती. नुसते ढिगारे बघायचो."

ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. थोड्या वेळाने सूर्य टेकडीवर आला आणि पहिल्या वेलीवरचा बर्फ एका काडीवरून घसरून खाली पडला. काडी हलली आणि पुन्हा सरळ झाली. आका म्हणाला, चहा इथेच आण.